नवा भारी हेडफोन घेतल्यावरचे पहिले पंधरा दिवस

"ताई, बास गेला कुठे?"

ओळखीत कोणी चांगल्यातला ओपन-बॅक (मागून जाळीचा, उघडा) हेडफोन घेतला की साधारण चौथ्या दिवशी मला हा फोन येतो. पाठोपाठ विचारणा होते, "आवाज पातळ वाटतोय, परत करू का?" बहुतेक वेळा हेडफोनमध्ये काहीच बिघाड नसतो. वर्षानुवर्षं फुगवलेला बास, म्हणजे खालचे स्वर, ऐकून कानाला तोच खरा वाटू लागलेला असतो. ही सवय सुटायला माझ्या अनुभवात दोन आठवडे लागतात. त्यासाठी पुढचा क्रम पाळा.

पहिल्या दिवशी फक्त दोष शोधा

आवडला की नाही, हा प्रश्न आज नको. एक मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं, लावा. आम्ही बडोदेकर गायक फैयाज खाँसाहेबांचं लावतो. ते १९५० मध्ये बडोद्यातच वारले आणि स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास, म्हणजे त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण मोनोच असणार. नंतर नकली स्टीरिओ केलेली आवृत्ती मात्र घेऊ नका. आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. डावीकडे सरकला तर हेडफोन उलटा घाला, डावी बाजू उजव्या कानावर. आता आवाज उजवीकडे झुकला तर दोष हेडफोनमध्ये, वायरमध्ये किंवा अँपमध्ये (आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) आहे. तरीही डावीकडेच राहिला तर प्रश्न कानाचा आहे. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा नुसता मळ असतो.

दोष निघाला तर परत करण्याची मुदत चालू असेपर्यंतच कळवा. "आधी शंभर तास कपाटात वाजत ठेव, मग आवाज खुलतो" हा सल्ला अजिबात ऐकू नका. त्या शंभर तासांत मुदत निघून जाते. कानावरच्या गाद्या मऊ होतात त्या डोक्यावर घालून, आणि सवय व्हायची असते ती तुमच्या कानांना. कपाटाला ऐकवून काय होणार?

डोक्याला फार घट्ट बसत असेल तर रात्रभर दिवाळी अंकांच्या चळतीवर चढवून ठेवा. चळत डोक्याच्या रुंदीएवढीच हवी. चष्मा असेल तर काडी बारीक असलेली बरी; काडीमुळे गादी जिथे उचलली जाते, तिथून बास गळतो.

हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे वाजवायला जास्त व्होल्टेज लागणारा, असेल आणि फोनवर आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडत असेल, तर छोटा अँप घ्या.

आवाजाची पातळी: सगळे इथेच चुकतात

मीही चुकले होते. माझा पहिला चांगला हेडफोन मी बाराव्या दिवशी दोन-तृतीयांश किमतीला विकला. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, रस्त्याला लागून. मे महिना, पंखा पाचवर. संध्याकाळी दमून ऐकायला बसायचे. बास ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवायचे. बास थोडा यायचा, पण त्याच्याबरोबर पेटीचा वरचा स्वर कानात टोचायचा. वीस मिनिटांत डोकं जड. मी ठरवून टाकलं की हा हेडफोन कर्कश आहे. दोन वर्षांनी एका मैत्रिणीकडे सकाळी सहाला, पंखा बंद असताना, तिच्या हेडफोनवर तंबोरा लावलेला ऐकला. खर्जाची तार छेडली की तिची घुमार पुढच्या छेडीपर्यंत टिकत होती, आणि जवारीची (तारेच्या झणझणीची) झिलई तिच्यावर वेगळी ऐकू येत होती. हेडफोन हातात घेऊन पाहिला. मी विकला होता तोच मॉडेल. पूर्ण किंमत देऊन पुन्हा घेतला.

यामागे दोन कारणं असतात. आवाज कमी असताना कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून मांडलं. त्यामुळे आवाज वाढवला की बास आल्यासारखा वाटतो. पण कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तोही सोबत वाढतो. जुन्या बासवाल्या हेडफोनमध्ये तो बहुधा झाकला गेलेला असतो, नव्यात उघडा पडतो. दुसरं कारण पंख्याचं. ओपन-बॅक बाहेरचा आवाज अडवत नाही, आणि पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज नेमका खालच्या स्वरांना गिळतो.

म्हणून पातळी बासवरून ठरवायची नाही, तंबोऱ्यावरून ठरवायची. घर शांत असताना फक्त तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा आणि समोर बैठकीत कोणी तंबोरा घेऊन बसलंय, एवढाच आवाज ठेवा. अँपच्या बटणावर त्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा. आठवडाभर त्या खुणेच्या वर जायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस फार कमी वाटेल. वाटू द्या. साधारण पाचव्या दिवशी डग्ग्याची घुमार आपोआप वर येते, आणि पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येऊ लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. तंबोऱ्याच्या खुणेवर राहिलात तर तिच्या बऱ्याच खाली राहाल.

नवरात्रात नवा हेडफोन पारखू नका. गरब्याच्या मैदानातल्या स्पीकरसमोर तीन तास काढले की कान काही काळ बधिर होतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळंच मंद वाटतं. त्या नऊ रात्री हेडफोन डब्यातच राहू द्या.

जुना हेडफोन घराबाहेर

ही माझी ठाम अट आहे. दर दहा मिनिटांनी जुना-नवा बदलून ऐकलंत तर कान कशालाच सरावणार नाही; प्रत्येक वेळी जुना 'भरीव' आणि नवा 'पातळ' वाटत राहील. पंधरा दिवसांसाठी भाच्याकडे देऊन या. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चार जणांच्या कानात साचे बसवून बाह्यकानाचा आकार बदलला होता. आवाज वरून येतोय की खालून, हे आधी त्यांना ओळखता येईना. काही आठवडे साचे सतत घातल्यावर येऊ लागलं. तो प्रयोग दिशेचा होता, हेडफोनचा नव्हता. पण साचे ते दिवसभर घालत होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ऐकायला तीन-चारच रेकॉर्डिंग निवडा, पाठ असलेली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर आता जास्त ऐकू येईल. ती रेकॉर्डिंगमध्येच आहे.

पंधराव्या दिवशी

जुना परत आणा. दोघांची पातळी सारखी हवी, नाहीतर जो किंचित मोठा वाजेल तोच चांगला वाटेल. निरुपयोगी सीडी घ्या, ती हेडफोनच्या गादीवर झाकणासारखी धरा आणि मधल्या भोकाशी फोनचा माइक टेकवा. पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला सलग खळखळाट) वाजवून कुठल्याही डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपवर दोन्हींचा आकडा जुळवा, एका डेसिबलच्या आत. आकडा खरा नसला तरी चालेल, तुलनेला पुरतो. मग एकच बंदिश, आधी नव्यावर, मग जुन्यावर. जुना घोंगडीखालून वाजल्यासारखा वाटला तर सवय झाली.

नवा अजूनही टोचत असेल तर आता इक्वलायझर (स्वरांच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) उघडा, त्याआधी नाही. एका वेळी एकच पट्टी, दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त नाही. आधी टोचणारी पट्टी कमी करून बघा. बास वाढवायचाच असेल तर जितका वाढवाल तितकाच प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) खाली घ्या, नाहीतर तबल्याचा 'धा' जोरात पडला की आवाज फाटतो.