परदेशी विद्यार्थी वाडीवर येण्याआधी

समाजकार्याचे परदेशी विद्यार्थी जानेवारीत रायगडात प्लेसमेंटला, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकायला, येणार असले तरी आपली तयारी दिवाळीआधीच सुरू व्हायला हवी. दिवाळी सरली की वाडीतली कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, मग वाडीत परवानगी विचारायची कोणाला? म्हणून बैठक आधीच घ्या. कोण येणार, काय लिहून नेणार, ते नीट सांगा. "नको" म्हटलं तरी दाखल्याचं, रेशनकार्डाचं काम थांबणार नाही, हेही आवर्जून सांगा.

हे मी अनुभवाने सांगतेय. मागे एका विद्यार्थिनीने अंगणात मासे निवडणाऱ्या आजीचा फोटो काढला. आजीने पदर तोंडावर ओढला, बोलली काहीच नाही. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाली, "तुमची पाव्हणी, तिला नको कसं म्हणू?" चूक माझी होती, मी आधी विचारलंच नव्हतं. आता पहिला आठवडा मोबाईल कार्यालयातच राहतात.

व्हिसा, विमा, राहण्याची नोंद हे नेहमीप्रमाणे उरकून घ्या. दुभाषी मात्र वाडीतलाच घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी द्या.

पहिली भेट महाडच्या चवदार तळ्याला ठेवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा, त्यानुसार नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, तरी दलितांना पाण्याला हात लावायला बाबासाहेबांच्या सत्याग्रहाचा २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर २१ वर्षांनी आला. हे तळ्याकाठी बसून ऐकलं की भट्टीवरची उचल, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे, समजायला सोपी जाते: हक्क कागदावर असतो, हातात नसतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला अख्खं घर भट्टीवर राबतं. "तक्रार का करत नाहीत?" असं विद्यार्थी विचारतीलच. उत्तर आपण देऊ नये, पुढच्या पावसाळ्यात चूल कशावर पेटणार याचा हिशेब त्यांना घरातल्या बाईसोबत बसून मांडू द्यावा.

प्रत्येकाला स्वतःच्या देशातला एक न मिळालेला हक्क अभ्यासून यायला सांगा. बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, अमेरिकेने अजून मंजूर केलेला नाही. नाहीतर अन्याय फक्त इथेच होतो, असं वाटून मुलं परत जातात.

आणि मे अखेरची एक संध्याकाळ आत्ताच राखून ठेवा. तेव्हा माणसं भट्टीवरून परतलेली असतात, त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते त्यांना मराठीत वाचून दाखवायचं आहे आणि ती खोडायला सांगतील ते खोडायचं आहे.