जुन्या गाडीत डॅब रेडिओ बसवताना आधी अर्थ (अर्थिंग) बघा

माझी टोयोटा यारिस २००९ ची आहे, आणि स्टिरिओ गाडीबरोबर आलेलाच. इंग्लंडमध्ये रेडिंगला मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स आहे, त्यामुळे रोजचे तीन-चार तास गाडीत जातात. कराडला बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री मी लहानपणी त्या दुकानात ऐकली, आणि क्रिकेट कानांनी बघायची सवय तिथलीच. इथे ‘टेस्ट मॅच स्पेशल’ ही बीबीसीची क्रिकेट कॉमेंट्री पूर्वी १९८ किलोहर्ट्झच्या लाँग वेव्हवर लागायची. २०२३ च्या ॲशेसनंतर ती तिथून गेली आणि एफएमवर ती लागत नाही. राहिलं डॅब, म्हणजे बीबीसीने १९९५ मध्ये सुरू केलेला डिजिटल रेडिओ. भारताचा संघ २०२५ च्या उन्हाळ्यात पाच कसोटी खेळायला येणार होता, त्याआधी गाडीत डॅब बसवायचंच असं मी ठरवलं.

मार्ग तीन आहेत. आख्खा स्टिरिओ बदलून डॅबवाला घालायचा, हा एक. स्टिरिओची जागा चौकोनी, नेहमीच्या मापाची असेल तर हाच सगळ्यांत चांगला. माझ्या गाडीत तो डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला आहे, म्हणून मी तो हलवला नाही. अँड्रॉइड स्क्रीन आधीच बसवलेली असेल तर यूएसबीत खोचायचा छोटा डॅब ट्यूनर मिळतो, तो दुसरा मार्ग. तिसरा माझा: वेगळा ट्यूनर डॅशबोर्डमागे लपवायचा, त्याचा छोटा पडदा हाताशी लावायचा आणि आवाज ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेच्या, वायरने स्टिरिओत आणायचा. ऑक्स नसेल तर अँटेनाच्या वायरीत मध्ये बसणारा आणि ट्यूनरचा आवाज एफएम स्टेशनसारखा स्टिरिओला देणारा एफएम मॉड्युलेटर घ्या. हवेतून एफएमवर आवाज पाठवणारे ट्रान्समीटर शहरात एखाद्या स्टेशनखाली दबतात, मी ते घेणार नाही.

ट्यूनर कुठला घ्यावा यावर लोक आठवडे घालवतात. माझ्या मते त्याने फारसा फरक पडत नाही. डॅब आणि डॅब प्लस (त्याचीच सुधारलेली आवृत्ती) दोन्ही घेणारा असला की झालं. खरा फरक पडतो अँटेनाने, आणि अँटेनाचा जीव अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी केलेल्या जोडणीत, असतो. एखादा सेट खरखरला की बाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी अर्थ बघ.”

बीबीसीची देशभरची वाहिनी-माळ (अनेक वाहिन्या एकत्र नेणारा एकच सिग्नल) १२बी या चॅनेलवर, म्हणजे २२५.६४८ मेगाहर्ट्झवर असते. त्या लहरीची लांबी सुमारे १३३ सेंटिमीटर, तिचा पाव भाग ३३. काचेवर चिकटवायची पातळ पट्टी साधारण या हिशेबाने केलेली असते. पण ती नुसती अर्धी अँटेना झाली. उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. म्हणूनच अँटेनाच्या डबीतून एक चकचकीत पन्नीची शेपटी निघते, ती काचेच्या बाजूच्या खांबाच्या पत्र्यावर चिकटवायची असते. खांबावर प्लॅस्टिकचं किंवा कापडाचं आवरण असतं, पत्रा त्याच्या आत. मी पहिल्या खेपेला घाईत पन्नी आवरणावरच चिकटवली होती. घराच्या दारात सगळी स्टेशनं लागली आणि गोरिंगच्या बाजूला टेकड्यांमध्ये शिरताच आवाज गेला. पन्नी पत्र्यावर घेतली आणि त्याच रस्त्यावर आवाज टिकला. पत्र्यावरचा रंग खरवडायची गरज नाही. पन्नी सपाट, पूर्ण चिकटून बसली की एवढ्या वरच्या फ्रीक्वेन्सीला रंगाचा थर आड येत नाही.

खांबाचं आवरण काढण्याआधी मात्र थांबा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तितका वेळ जाऊ द्या आणि मगच हात घाला. (स्टिरिओला कोड असेल तर बॅटरी सोडण्याआधी तो शोधून ठेवा.) अँटेनाची वायर एअरबॅगच्या मागून, आधीच्या वायरींच्या जुडग्याला बांधत खाली न्या. ती एअरबॅगच्या पुढून किंवा तिच्यावरून कधीही नेऊ नका, नाहीतर एअरबॅग उघडताना वायर चाबकासारखी तोंडावर येईल. आवरणाच्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात, आवरण अपघातात उडू नये म्हणून. नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा. हे काम जमेलसं वाटत नसेल तर एवढा भाग कार ऑडिओवाल्याकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

पट्टी चिकटवायची ती ड्रायव्हरच्या नजरेआड, इथे म्हणजे डाव्या बाजूला, काचेच्या वरच्या कडेला. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कोरडी होऊ द्या. थंडीत गोंद धरत नाही, म्हणून आधी हीटर लावून काच कोमट करून घ्या. काचेत बर्फ वितळवणाऱ्या बारीक तारा असतील किंवा उष्णता अडवणारा धातूचा थर असेल तर तिथे पट्टी लावून उपयोग नाही, सिग्नल आत नीट येत नाही. अशा गाडीला बाहेरची, छपरावरची अँटेना लावा.

आता वीज. फ्यूज-बॉक्समधला असा फ्यूज शोधा, ज्यावर किल्ली फिरवल्यावरच करंट येतो. मी सिगारेट लायटरचा घेतला. मल्टिमीटर लावून बघा, किल्ली बंद असताना शून्य आणि चालू असताना बारा व्होल्टच्या वर यायला हवं. कायम करंट असलेल्या फ्यूजवर ट्यूनर जोडलात तर गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसेल. त्या जागी फ्यूज-टॅप खोचायचा. त्यात दोन फ्यूज बसतात, मूळचा आणि ट्यूनरचा. ट्यूनरचा फ्यूज त्याच्या कागदावर लिहिलेल्या अँपिअरचाच घाला, माझा दोनचा आहे. एअरबॅग किंवा ब्रेकच्या फ्यूजला हात लावू नका. इथली अर्थ मात्र उघड्या पत्र्यावर, बोल्टखाली रिंग दाबून घ्यायची. या जोडाला रंग चालत नाही, पॉलिश पेपरने घासून चमक आणा.

ऑक्स जोडल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर घाबरू नका. ट्यूनर आणि स्टिरिओ यांची अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी घेतली आहे, बहुधा एवढंच कारण असतं. ट्यूनरची अर्थ स्टिरिओच्याच बोल्टवर घ्या. त्यानेही शिट्टी राहिली तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (ही शिट्टी अडवणारी छोटी डबी) घाला.

एवढं सगळं नीट करूनही माझा आवाज दुपारी जायचा आणि सकाळी नीट असायचा. तीन दिवस मी वायरी चाचपत बसले. शेवटी लक्षात आलं की दुपारच्या फेरीला मी डॅशकॅम लावते. त्याचा यूएसबी चार्जर डॅबच्या फ्रीक्वेन्सींवरच गोंगाट ओकत होता. तो काढून दुसरा, चांगला चार्जर घेतला, वायरीवर असा गोंगाट अडवणारी फेराइटची डबी चढवली आणि कॅमेऱ्याची वायर अँटेनापासून लांब, दुसऱ्या बाजूने नेली. त्रास गेला. म्हणून सगळं आवरणाखाली दडवण्याआधी एक गोष्ट करा: ट्यूनरच्या पडद्यावर सिग्नलचा जोर दाखवणारी रेघ उघडा आणि गाडीतल्या चार्जर, कॅमेरा, रस्ता दाखवणारा सॅटनाव या वस्तू एकेक करून लावा-काढा. रेघ कशाने घसरते ते लगेच कळतं.

डॅबचा सिग्नल कमी पडला की एफएमसारखी हळूहळू खरखर वाढत नाही. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग पाण्यात बुडबुडे यावेत तसा गुडगुडतो आणि गप्प होतो. त्यामुळे दारात उभं राहून घेतलेली चाचणी काही सांगत नाही. तुमच्या रोजच्या रस्त्यावरची सगळ्यांत खोलगट जागा निवडा आणि तिथे बघा. लांबच्या प्रवासाला मात्र सुख आहे. बीबीसीचे सगळे मनोरे १२बी वरच बोलतात आणि दोन मनोऱ्यांचे सिग्नल एकत्र आले तर एकमेकांना जोरच देतात. रेडिंगहून लीड्सला जाईपर्यंत बटणाला हात लावावा लागत नाही. स्थानिक वाहिन्या बदलतात तेवढ्यासाठी पुन्हा स्कॅन करायचं.

४ ऑगस्ट २०२५ ला, सोमवारी सकाळी, ओव्हलवर इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि आपल्याला चार विकेट. पहिल्या पेशंटच्या दारात मी वेळेआधी पोचले होते. सिराजच्या यॉर्करने ॲटकिन्सनचा स्टंप उडाला आणि आपण सहा धावांनी जिंकलो, तेव्हा एक शब्दही तुटला नाही. मी तशीच गाडीतून कराडला फोन लावला. बाबांनी मॅच टीव्हीवर बघितली होती. त्यांनी विचारलं, “अर्थ कुठे घेतलीस?”

एक गोष्ट राहिली. काचेला तडा जाऊन ती बदलायची वेळ आली तर पट्टी जुन्या काचेबरोबर जाते, ती सोलून पुन्हा लागत नाही. काच बसवणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे तो वायर कापणार नाही, नुसती डबी सोडवून ठेवेल. नवी पट्टी स्वस्तात वेगळी मिळते. डबीला बसणारी एक जास्तीची पट्टी मी ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवली आहे.