पेटीवरून अकॉर्डियनकडे आलात? फ्रेंच स्विंग वॉल्ट्झ वाजवताना या चुका टाळा

पॅरिसच्या बाल म्युझेटमधल्या, म्हणजे अकॉर्डियनवर नाच चालणाऱ्या नाचघरांतल्या, वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांचा नाच) 1930-40 च्या दशकात गुस विझर, टोनी म्युरेना, जो प्रिव्हा या अकॉर्डियनवादकांनी जॅझ आणला, आणि ते ऐकून वेड लागलं की आपल्यातले पेटीवाले अकॉर्डियन घेतात, मीही असाच आलो.

सगळ्यात जास्त घोळ भात्याचा होतो. पेटीच्या आत हवा साठून राहते म्हणून सूर तुटत नाही, अकॉर्डियनला तसा साठा नाही, भाता फिरवला की सूर कापला जातो. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा कळलं, भाता पूर्ण उघडला की मी नाइलाजाने फिरवायचो आणि बरोब्बर मधेच, ऐन चढत्या सुरावर ओळ तुटायची. मग कागदावर बाण काढले, इथे उघडायचा, इथे मिटायचा, आणि वळण ओळीच्या शेवटीच. जोरही भात्यातूनच द्यायचा, बटण दाबून आवाज वाढत नाही हे आपल्याला माहीत असतं पण रंगात आलं की बोटं दाबतातच.

दुसरं, सगळीकडे म्युझेट रजिस्टर (एका स्वराला किंचित वेगळ्या सुरातल्या रीड एकत्र वाजवणारी कळ) लावू नका. एक रीड 440 ला आणि दुसरी 444 ला असेल तर सूर सेकंदाला 4 वेळा थरथरतो, जुन्या वॉल्ट्झला ते फार गोड लागतं, पण जॅझच्या जलद तानांमध्ये सगळं एकमेकांत मिसळून जातं. तिथे एकच रीड ठेवा, स्वर स्वच्छ निघतात. टँगोचा संगीतकार पियाझोला याच्या सांगण्यावरून म्युझेट संगीताकडे परत आलेल्या फ्रेंच अकॉर्डियनवादक रिचर्ड गॅलियानोला ऐका, एकाच तुकड्यात तो आवाजाचा पोत किती बदलतो!

डाव्या हातात तिन्ही मात्रा सारख्या बडवल्या की नाच जातो आणि कवायत उरते. पहिली मात्रा भरीव, दुसरी-तिसरी अगदी आखूड, बोट लगेच उचला. जॅझ गिटारवादक जांगो रेनार्ट सुरुवातीला याच बाल म्युझेटमध्ये अकॉर्डियनच्या साथीला बँजो वाजवायचा, ती कोरडी टकटक कानात ठेवा.

आणि डाव्या हाताच्या साध्या मेजर-मायनर कॉर्डच्या बटणांवर अडू नका. सी बेसचं बटण आणि ई मायनर एकत्र दाबलं की सी मेजर सेव्हन कॉर्ड, ए बेसवर सी मेजर दाबलं की ए मायनर सेव्हन. पहिल्यांदा ते जमलं त्या रात्री मी तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो.