अमेरिकेत पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाताय? रायफलचे नियम आणि सेफ्टी आधी समजून घ्या

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात राहणारं आपलं कुणी ऑफिसातल्या मित्रांचं ऐकून शिकारीला जायचं ठरवतं तेव्हा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, रायफल कुठली घेऊ. माझं सांगणं आहे की रायफल सगळ्यात शेवटी घ्या. इथली मुलं बापाबरोबर, मामाबरोबर दहा-बारा वर्षांची असल्यापासून जंगलात जातात, बंदूक हातात कशी धरायची हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे घरातून शिकून आलेलं आपल्याजवळ काहीच नसतं. ते सगळं नियम वाचून आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, हात बसवूनच मिळवायचं असतं, म्हणून नियम हा कंटाळवाणा भाग समजून सोडू नका.

मी इथे पेनसिल्व्हेनिया धरून लिहितोय, कारण न्यू जर्सीत हरणासाठी आपण ज्याला रायफल म्हणतो ती, म्हणजे सेंटरफायर रायफल, चालतच नाही. तिथे शॉटगन, धनुष्यबाण किंवा नळीच्या तोंडातून दारू भरायची मझललोडर वापरावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्येही हरणाला रायफल नाही. ओहायोत २०१४ पासून फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणाऱ्या काडतुसाच्या रायफली चालतात. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की कालची कायदेशीर बंदूक आज बेकायदेशीर होऊ शकते, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

आधी स्वतःचा व्हिसा बघा

हा मुद्दा इथल्या पुस्तकांत कुठेतरी कोपऱ्यात असतो पण आपल्या लोकांसाठी हाच पहिला आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. यात एच-वन-बी आले, एच-फोर आले, एल-वन आले, एफ-वनवरचे विद्यार्थी पण आले. बाळगणं म्हणजे विकत घेणंच नाही, मित्राची रायफल रेंजवर दहा मिनिटं हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं. या मनाईला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स असेल तर ही मनाई लागू होत नाही. म्हणजे क्रम असा झाला की आधी कोर्स, मग लायसन्स, आणि मगच बंदुकीला हात. ऑफिसचा ग्रुप शनिवारी मजा म्हणून रेंजवर निघाला आणि तुमच्याकडे लायसन्स नसेल तर सरळ नाही म्हणा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

ग्रीन कार्ड हातात असेल तर ही अडचण नाही. पण ग्रीन कार्डची फाइल रांगेत आहे म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं होत नाही, आणि आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं त्या रांगेतच आहेत, तेव्हा इथे गल्लत करू नका. शिवाय स्टेटसच संपलेलं असेल तर लायसन्सचा अपवादही उपयोगाचा नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गाजलेला रेहाइफ खटला याच कलमाखालचा, विद्यार्थी व्हिसावर आलेला तरुण, कॉलेजनं काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेलं, आणि रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या म्हणून गुन्हा दाखल झाला. कोर्टानं त्यात सरकारला आरोपीला स्वतःचं स्टेटस माहीत होतं हेही सिद्ध करावं लागेल असं सांगितलं, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर माणसाचं काय होतं याचा विचार करा. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा.

मग हंटर एज्युकेशनचा कोर्स

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशन कोर्स करावाच लागतो. सोळा वर्षांपुढच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करायची सोय आहे, पण जमत असेल तर वर्गात जाऊन करा, समोर अनुभवी माणूस असला की प्रश्न विचारता येतात. सर्टिफिकेट दुसऱ्या राज्यांतही चालतं. मग लायसन्स काढा, त्याची मुदत १ जुलै ते ३० जून अशी असते. त्याच्याबरोबर नर हरणाचा टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी, येतो, मादीसाठी वेगळं लायसन्स लागतं आणि ते ठरावीक विभागापुरतंच चालतं.

लायसन्सबरोबर त्या वर्षीचं डायजेस्ट, म्हणजे नियमांची पुस्तिका, बघा, गेम कमिशन (राज्याचं शिकार-वन्यजीव खातं) ते दरवर्षी काढतं आणि ते वाचल्याशिवाय जंगलात जाऊ नका. नियम बदलतात. रायफलचा हंगाम वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी २०२५ मध्ये कायद्यानं उठली, पण म्हणून प्रत्येक रविवार मोकळा झाला असं नाही, कुठले रविवार ते यादीत बघायचं.

आता रायफल

दुकानात गेलात की फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म, भरावा लागतो आणि बॅकग्राउंड चेक होतो. रायफलसाठी किमान वय १८. व्हिसावरच्या माणसाला इथेच हंटिंग लायसन्स दाखवावं लागतं. फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हा गंभीर फेडरल गुन्हा आहे, आणि त्यात गांजाचाही प्रश्न असतो, न्यू जर्सीत गांजा कायदेशीर आहे पण फेडरल कायद्यात नाही आणि तो फॉर्म तसं स्पष्ट लिहितोच. ज्याला घ्यायला मनाई आहे अशा मित्रासाठी तुमच्या नावावर बंदूक घेणं हाही गुन्हा आहे, कितीही जवळचा मित्र असला तरी नाही. न्यू जर्सीत राहत असाल तर दुकानात जायच्या आधी तिथलं फायरआर्म्स आयडी कार्ड लागेल, त्याचा अर्ज पोलिसांकडे करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, वेळ लागतो, त्यामुळे नोव्हेंबरात जागे होऊन काही होणार नाही.

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. प्रत्येक बारानंतर हातानं पुढचं काडतूस चढवायची रायफल लागते, म्हणजे बोल्ट ॲक्शन, लिव्हर ॲक्शन, पंप किंवा एकबारी. नवीन माणसानं बोल्ट ॲक्शन घ्यावी असं माझं ठाम मत आहे, बोल्ट (काडतूस आत ढकलणारी मागची दांडी) मागे ओढून ठेवला की रिकामी आहे हे तुम्हालाही दिसतं आणि शेजारच्यालाही दिसतं. .२४३, .२७०, .३०८, .३०-०६ या सगळ्या कॅलिबरच्या, म्हणजे काडतुसाच्या मापाच्या, रायफली चालतात, पण धक्का कमी असलेली घेतलीत तर नेम लवकर बसेल, मोठ्या कॅलिबरच्या मोहात पडू नका. काडतूस लागल्यावर फुलणाऱ्या गोळीचं हवं, पूर्ण जॅकेटवाली, म्हणजे कठीण धातूनं मढवलेली गोळी हरणाला चालत नाही कारण ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. न्यू जर्सीत होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या गोळीच्या) काडतुसांवर वेगळे निर्बंध आहेत, तिकडे राहणाऱ्यांनी सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेलं) घ्यावं म्हणजे तो गुंता टळतो. नळीवर कोरलेला कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का दोन्ही वाचून जुळवा, दरवेळी.

गाडीतून नेताना

चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं, मॅगझिनही रिकामं, रायफल बंद केसमध्ये, काडतुसं वेगळी, सगळं डिकीत कुलूप लावून. पेनसिल्व्हेनियात भरलेली बंदूक गाडीत ठेवणं तर गुन्हा आहेच, गाडीला टेकवून उभी करणं पण गुन्हा आहे. जॅकेट घालताना, बूट बांधताना माणूस सहज टेकवतो, त्यामुळे गाडीपासून लांब गेल्यावरच भरायची अशी सवय लावा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना १९८६ च्या फेडरल कायद्याचं संरक्षण आहे, पण ते दोन्ही टोकांना बंदूक बाळगणं कायदेशीर असेल, बंदूक रिकामी असेल आणि हाताशी नसेल तरच, आणि तेही सरळ प्रवासात. वाटेत कुणाकडे मुक्काम वगैरे ठेवू नका.

रेंजवर जा, पुन्हा जा

स्कोप (नेमाची दुर्बीण) लावलेली नवी रायफल थेट जंगलात नेणं हा जनावरावर अन्याय आहे. १०० यार्डांवर झीरो करा, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एकाच जागी येतील असं जुळवा, हंगामात वापरणार तेच काडतूस वापरून करा, कानांना संरक्षण आणि डोळ्यांना सेफ्टी चष्मा लावून करा. सीझफायरची (गोळीबार थांबवा अशी) हाक आली की बोल्ट उघडा, रायफल खाली ठेवा, मागे सरका, आणि लोक टार्गेटकडे गेलेले असताना रायफलला बोटही लावू नका. बाकावर टेकवून नेम बसला की मग गुडघ्यावर बसून, उभं राहून, झाडाला टेकून मारून बघा. ज्या अंतरावर तुमच्या गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत बसत नाहीत त्या अंतरावर हरणावर बार काढायचा नाही, मग ते कितीही मोठ्या शिंगांचं असू दे.

जंगलात: गोळी कुठे थांबणार?

माझ्या मते बंदुकीच्या सेफ्टीचे सगळे नियम शेवटी दोनच प्रश्नांवर येतात. मला दिसतंय ते नक्की हरीणच आहे का, आणि गोळी चुकली किंवा आरपार गेली तर ती कुठे थांबणार. .३०-०६ ची गोळी वर कोन करून सुटली तर तीन मैलांच्या आसपास जाऊ शकते, आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांच्या जंगलात तीन मैलांत घरं, रस्ते, दुसरे शिकारी सगळं असतं. टेकडीच्या कण्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण कितीही सुंदर दिसलं तरी त्याच्यावर बार काढायचा नाही कारण त्याच्यामागे गोळी अडवायला काहीच नाही. मागे मातीचा उतार हवा. रस्त्याच्या पलीकडे मारायचं नाही. आवाजावर, हलणाऱ्या झुडपावर, तपकिरी ठिपक्यावर मारायचं नाही. ओळखायला दुर्बीण वापरा, स्कोप नाही, कारण स्कोपमधून बघता म्हणजे भरलेली रायफल त्या दिशेला रोखलेली असते आणि तिकडे माणूस निघाला तर?

म्हणूनच नारिंगीचा नियम आहे. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी चारही बाजूंनी दिसलं पाहिजे, टोपी आणि जॅकेट घातलं की होतं. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे शिकारीचं काही नुकसान नाही.

कुणाच्या राहत्या घरापासून, शेताच्या इमारतीपासून, शाळेच्या मैदानापासून १५० यार्डांच्या आत शिकार करायची नाही, तिथल्या लोकांची परवानगी असल्याशिवाय, हा सेफ्टी झोन. १५० यार्ड म्हणजे साधारण १३७ मीटर, डोळ्यांनी अंदाज नेहमी चुकतो, रेंजफाइंडर किंवा फोनवरचा नकाशा वापरा. झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तो खाजगी जागेत यायला मनाईचा बोर्डच समजा, २०२० पासून तो कायद्यानं धरला जातो. नवीन माणसासाठी सगळ्यात सोपं म्हणजे स्टेट गेम लँड्स, म्हणजे गेम कमिशनच्या शिकारीला खुल्या जागा, तिथे कुणाला विचारत बसावं लागत नाही.

वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. तक्त्यात वेळ संपली नसली तरी तुम्हाला नीट दिसत नसेल तर तुमची वेळ संपली.

चालताना नळी सुरक्षित दिशेला, सेफ्टी ऑन, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. सेफ्टी ही यांत्रिक वस्तू आहे, बिघडू शकते, तिच्या भरवशावर नळी कुणाकडे वळवायची नाही. कुंपण ओलांडताना, ओढा पार करताना, झाडावरच्या स्टँडवर चढताना आधी रायफल रिकामी करा. स्टँडवर चढायचं तर पूर्ण अंगाचा हार्नेस, जमिनीपासूनच बांधलेला, आणि रिकामी रायफल दोरीनं मागून वर ओढायची, नळी खाली करून, ओढताना ती तुमच्याकडे रोखलेली नको. घसरून पडलात आणि नळीत बर्फ किंवा चिखल गेला अशी शंका जरी आली तरी रिकामी करून, बोल्ट काढून, मागच्या बाजूनं नळीतून उजेड दिसतो का बघा, अडकलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुटते.

नर असेल तर शिंगं मोजा. २००२ पासून राज्याच्या बहुतेक भागांत मोठ्या माणसांसाठी एका बाजूला किमान तीन टोकं असलेलाच नर चालतो, पश्चिमेकडच्या काही विभागांत कपाळाजवळचं टोक मोजत नाहीत. मोजता आली नाहीत तर मारायचं नाही. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागे, हृदय-फुप्फुसाच्या जागी नेम धरा. पळत्या हरणावर नवीन माणसानं बार काढूच नये.

बार काढल्यानंतर

हात थरथरतात, सगळ्यांचे थरथरतात. लगेच पुढचं काडतूस चढवा, सेफ्टी लावा, जागेवर थांबा, हरीण कुठल्या दिशेला गेलं ते एखादं झाड धरून लक्षात ठेवा. थोडा वेळ जाऊ द्या, मग रक्ताचा माग काढत जा, आणि जखमी जनावर तसंच सोडून घरी जायचं नाही, शोधायचं. मेलंय याची खात्री झाली की रायफल रिकामी करा, मगच सुरीला हात. जागेवरून हलवायच्या आधी टॅग पेनानं भरून कानाला लावायचा, हे विसरलात तर कायदेशीर शिकारही बेकायदेशीर ठरते. दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला रिपोर्ट करायचा.

न्यू जर्सीला परत जाणाऱ्यांनी अख्खं हरीण गाडीवर टाकून निघू नका. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये सापडला, त्यामुळे डोकं आणि पाठीचा कणा राज्याबाहेर, कधी कधी विभागाबाहेर न्यायलाही बंदी असते. विभागाचा नकाशा निघायच्या आधीच बघून ठेवा, त्याच भागातला प्रोसेसर (हरीण कापून मांस करून देणारा) शोधून हंगामाआधी फोन करा कारण पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जागा नसते, आणि मांस हाडं काढून, पॅक करून घरी न्या.