मक्याच्या शेतातले मार्कर (इतिहासाच्या पाट्या) आणि युद्धस्मारकं कशी बघायची (ओगल काउंटी, इलिनॉय)

शिकागोच्या सबर्बात राहत असाल आणि वीकेंडला मॉल नको वाटत असेल तर 64 नंबरचा रस्ता धरा आणि सरळ पश्चिमेला सुटा, दोनेक तासांत ऑरेगन नावाचं गाव येतं. ते ऑरेगन राज्य नव्हे, मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली एवढ्या लांब एकटा गाडी चालवत गेलास?

निघायच्या आधी हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस या साइटवर काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं, इथे ओगल) नाव टाका, फोटो आणि मॅप दोन्ही मिळतात, ते घरूनच डाउनलोड करून ठेवा कारण शेतांमधे रेंज जाते. आणि मार्कर दिसला म्हणून कचकन ब्रेक मारू नका, काउंटी रोडवर मागचा पिकअपवाला ताशी 55 मैलांनी येत असतो आणि गाडी घ्यायला कडेला जागाच नसते. पुढे जाऊन चर्च किंवा स्मशानभूमीच्या गेटपाशी गाडी लावायची आणि चालत मागे यायचं.

आता पाटी वाचायची कशी. आपल्याकडे वीरगळ खालून वर वाचतात ना, तसंच इथेही खालून सुरू करा. तळाला बारीक अक्षरात कोणी उभारलं आणि कधी ते असतं, ते आधी बघायचं, घटना कधीची ते नंतर, आणि दोन्हीतलं अंतर मोजायचं.

याच काउंटीतल्या स्टिलमन व्हॅली गावात हे फार चांगलं कळतं. ब्लॅक हॉक हा इथल्या सॉक या मूळ रहिवासी जमातीचा नेता, त्याच्या नावाच्या युद्धातली पहिली चकमक 14 मे 1832 ला इथे झाली, मेजर स्टिलमनचे 275 च्या आसपास मिलिशियावाले (हंगामी, नागरी सैनिक) होते आणि ब्लॅक हॉककडे त्या वेळी जेमतेम चाळीसेक माणसं. त्याने पांढरं निशाण देऊन तीन माणसं बोलणीसाठी पाठवली होती, इकडे गोंधळ झाला, गोळ्या सुटल्या, आणि मग ब्लॅक हॉकने हल्ला केल्यावर हे मिलिशियावाले जे पळाले ते थेट डिक्सन गावापर्यंत, म्हणून चकमकीचं नावच पडलं स्टिलमन्स रन, म्हणजे स्टिलमनची पळापळ. डझनभर मेले. आता तिथला उंच दगडी खांब बघा, तो 1900 नंतरचा, म्हणजे घटनेला सत्तर वर्षं होत आल्यावरचा, तोवर लिंकन देवपदाला पोचलेला, आणि 1832 मधे तो याच युद्धात मिलिशियात होता, मग मृतांना पुरायला त्याने हातभार लावला हे खांबावर आलंच. पळाले ही गोष्ट मात्र चकमकीच्या नावात शोधावी लागते. पांढऱ्या निशाणाची हकिगत ब्लॅक हॉकने 1833 मधे स्वतः सांगितली आणि ती छापूनही आली, जायच्या आधी तेवढी वाचून घ्या, नाहीतर अर्धीच गोष्ट बघून याल. बाजूच्या छोट्या शिळांपाशीही जरा थांबा, मला खांबापेक्षा त्याच जास्त लक्षात राहिल्यात.

मग ऑरेगनला परत या आणि नदीपलीकडे लोडन स्टेट पार्कात जा. तिथे टेकडीच्या टोकावर 48 फुटी काँक्रीटचा पुतळा आहे, लोराडो टाफ्टने केलेला, 1911 चा. सगळे त्याला ब्लॅक हॉक म्हणतात पण टाफ्टच्या मनात एक माणूस नव्हता, सगळे मूळ रहिवासी होते. तो आणि त्याचे कलाकार मित्र संध्याकाळी इथे हाताची घडी घालून रॉक नदी बघत उभे राहायचे म्हणे, पुतळ्याचीही तीच पोझ आहे. ज्यांना हाकललं त्यांचाच पुतळा, ऐंशीएक वर्षांनी. त्याच टाफ्टने केलेलं सैनिक स्मारक (1916) गावात कोर्टहाऊसच्या आवारात आहे, एकाच दिवसात दोन्ही बघा, म्हणजे कोणाला नाव मिळालं आणि कोणाला नुसती उंची ते आपोआप दिसतं.

जुनी स्मशानभूमी सोडू नका. सिव्हिल वॉरवाल्यांचे (1861-65 च्या अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांचे) दगड ओळखायला सोपे, वर ढालीचा आकार खोदलेला असतो आणि आत नाव, कंपनी, रेजिमेंट. 92 इलिनॉय ही रेजिमेंट दिसली तर ती इथलीच, 1862 ला ओगल आणि शेजारच्या काउंट्यांतली पोरं घेऊन उभी केलेली. शेजारी जमिनीत धातूचा पाच टोकांचा तारा रोवलेला दिसला तर तो जी.ए.आर.चा, म्हणजे त्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेचा. ती 1866 मधे याच राज्यात डिकेटरला सुरू झाली आणि 1956 मधे शेवटचा सदस्य गेल्यावर संपली.

अक्षरं पुसट असतील तर खडू घासू नका, शेव्हिंग क्रीम तर अजिबात नाही, दगड खराब होतो. मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, सावलीने अक्षरं उठून दिसतात. ब्राँझच्या पाटीचा फोटो समोरून काढलात तर स्वतःचंच प्रतिबिंब येतं, जरा तिरके उभे राहा. पाटीची मागची बाजूही बघा, कधी कधी मजकूर तिथे पुढे चालू असतो, मी पहिल्या वेळी निम्म्या पाट्या अर्ध्याच वाचून आलो होतो.

मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला गेलात तर सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे लावलेले असतात, तेव्हा झेंडे मोजले की झालं, दगड शोधत फिरावं लागत नाही. फुल पँट घाला, गवतात टिक्स (गोचिडी) असतात.