मांजर आजारी आहे? ‘सकाळी बघू’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मांजर दुखणं लपवतं. कण्हत नाही, कपाटाखाली जाऊन बसतं. म्हणून ते किती ओरडतंय यावरून दुखण्याची तीव्रता ठरवू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कुंथणाऱ्या बोक्याला बद्धकोष्ठ झालंय असं समजणं. बोका लिटर ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जातो, कुंथतो, लघवीची जागा चाटत राहतो आणि ट्रे मात्र कोरडाच. अशा वेळी आधी लघवी तुंबल्याचा संशय घ्या. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकला की तो बंद होतो. मग रक्तात पोटॅशियम साचतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. जुलाबाचं औषध देऊन वाट पाहू नका. पोट दाबून लघवी काढायला तर मुळीच जाऊ नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी जनावरांच्या दवाखान्यात निघा.

दुसरी चूक घुरघुरीवर विश्वास ठेवण्याची. मांजर वेदनेतही घुरघुरतं. त्यापेक्षा श्वास मोजा: मांजर झोपलेलं असताना 15 सेकंदांत छाती किती वेळा वर येते ते मोजून 4 ने गुणा. निरोगी मांजराचा आकडा साधारण 30 च्या आत राहतो. तो सतत 40 च्या वर असेल, मान ताणून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून बसलं असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर थांबू नका. कुत्र्याला धाप लागणं नेहमीचं. शांत बसलेल्या मांजराला कधीच नाही. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी दिसल्या तरी तेच. (काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यामुळे निरोगी असतानाच रंग पाहून ठेवा.)

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळीही मांजराला मारू शकते, कारण ती पचवणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फारच तोकडी असते. कुत्र्यांचं परमेथ्रिनयुक्त पिसवांचं औषध लावलं तर मांजर थरथरतं, झटके येतात. लिलीचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. यापैकी काहीही झालं असेल, तर लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका आणि मीठ चारून उलटी करवू नका.

तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा ओढू नका. आत तो ताणला गेला की आतडं कापतो. मागचे पाय अचानक लुळे पडून थंडगार झाले, झटका 5 मिनिटांपेक्षा जास्त टिकला किंवा मांजर उंचावरून पडलं, तरीही लगेच निघायचं. पडल्यावर ते नीट चालत असलं तरी.

न खाण्याचं गणित थोडं वेगळं. मोठ्या मांजराने 24 तास तोंडाला काही लावलं नाही, तर त्याच दिवशी दाखवा. लठ्ठ मांजराच्या यकृतात काही दिवसांच्या उपाशीपणाने चरबी साचते. लहान पिल्लाच्या बाबतीत इतकंही थांबू नका.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करा, म्हणजे ऑक्सिजन तयार राहील. बळजबरीने खाऊ-पिऊ घालू नका. धाप लागलेल्या मांजराला छातीशी घट्ट धरू नका, पिंजऱ्यात टॉवेल घालून त्याला हवं तसं बसू द्या. औषधाची पट्टी किंवा चावलेल्या झाडाचा फोटो बरोबर घ्या आणि शेवटची लघवी कधी झाली ती वेळ लिहून न्या.