आफ्रिकेला गेलेला आज्जा हुडकायचा कसा? सुरुवात उलट्या टोकाकडून करा

आमच्या घरात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलोय, की आज्ज्याचा थोरला चुलता आफ्रिकेला रेल्वेच्या कामावर गेला आणि तिकडं त्याला सिंहानं खाल्लं. बस्स, एवढंच. पुढं विचारायची सोय नाही, कारण सिंहाच्या पोटात गेलेल्या माणसाचं पुढं काय विचारणार. नंतर कळालं की खानापूर-बेळगाव भागात ज्यांच्या घरातलं कोण तिकडं गेलंय त्यातल्या बऱ्याच घरांत हाच सिंह फिरायलाय!

सिंह खोटे नव्हते. आजच्या केनियात युगांडा रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा साव्हो नदीच्या पुलाजवळ १८९८ साली दोन सिंहांनी मजूर खाल्ले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॅटरसन नावाच्या इंजिनिअरनं दोन्ही मारले. खरं त्या युगांडा रेल्वेवर करारानं नेलेले जवळपास ३२ हजार मजूर बहुतेक पंजाबाकडचे, कराची बंदरातून चढलेले. आमचा हा चुलता इकडचा साधा सुतार, त्याला तिथं कोण घेऊन गेलं असेल? आणि मुख्य म्हणजे सिंह मेल्यावर तेरा वर्षांनी, १९११ साली, आमचा माणूस चांगला जिवंत असल्याचा कागद मला मिळाला, तोपण आफ्रिकेत नाही, इथंच रेकॉर्ड रूममध्ये.

म्हणून सांगतो, जहाजापासून सुरू करू नका. सगळे तिथंच अडकतात, मीपण दोन वर्षं घालवली. कुठलं जहाज, कुठली तारीख, मुंबईहून चढला का मार्मागोव्याहून, पासपोर्ट कुठाय. अहो पासपोर्टचा कायदाच १९२० चा, त्याच्या आधी गेलेल्याचा पासपोर्ट कुठून येणार. गरीब माणूस गेला तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही, खरं तो मेला आणि मागं चार पैसे, हत्यारं नाहीतर जमिनीचा हिस्सा राहिला की मात्र सरकारनं नीट लिहून ठेवलंय. पैशाच्या मागं कागद असतो. तर शेवटाकडून मागं यायचं.

सुरुवात घरातनं. म्हाताऱ्या माणसांना "त्यांच्याबद्दल काय माहितीय" असं विचारलं की सिंहच बाहेर येतो. त्यापेक्षा विचारा, कुणाच्या लग्नाला तिकडनं पैसे आलते, विहीर कुणाच्या पैशानं पाडली, मनीऑर्डर कोण घेऊन यायचं, त्यांचा हिस्सा शेवटी कुणाच्या नावावर गेला. आमच्या आत्तीला सिंहापलीकडं काही माहीत नव्हतं, खरं "वरच्या शेताची वाटणी का रखडली" म्हटल्यावर अर्धा तास बोलली. ट्रंकेतले फोटो काढा आणि मागची बाजू बघा, जुन्या फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं. आमच्या फोटोवर नैरोबी होतं, आणि घरात सगळे शंभर वर्षं मोंबासा म्हणत होते.

मग गावातली मराठी शाळा. शंभरी उलटलेल्या शाळांत जनरल रजिस्टर असतं, त्यात बापाचं नाव, जन्मतारीख आणि शाळा का सोडली हा रकाना. जन्मतारीख बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजे घातलेली असते, तिच्यावर फार विसंबू नका, खरं बापाचं नाव पक्कं मिळतं आणि ते पुढं लागणारच आहे.

आता खरा कागद, फेरफार. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली, आणि तेव्हापासून वारसा, वाटणी, गहाण काही झालं की वर्दी द्यायची आणि नोंद पडायची. परदेशी गेलेला माणूस इथं सापडतो, कारण तो नसल्यामुळं भावाला काहीतरी लिहून द्यावं लागतं. आमच्या नोंदीत धाकट्या भावानं वर्दी दिलीय की थोरला मोंबाशाकडं आहे, शेतीची वहिवाट माझीच आहे, सबब माझं नाव लावावं. चार ओळी. खाली अंगठा, आणि अंगठ्याच्या बाजूला कुळकर्ण्यानं लिहिलंय की थोरल्याचं नाव कमी करत नाही, कारण तो हयात आहे आणि सारा भरायला पैसे पाठवतो. ती ओळ वाचून मी रेकॉर्ड रूमच्या बाकावर नुसता बसून राहिलो, सिंह गेला तेल लावत!

मागणी कशी करायची? गाव आणि सर्व्हे नंबर घेऊन तहसीलदार कचेरीत जुन्या फेरफारच्या नक्कलेसाठी अर्ज द्यायचा. आजच्या उताऱ्यावर जो नंबर असतो तो जुना असेलच असं नाही, फोड झालेली असते, म्हणून आधी जुना नंबर तलाठ्याकडनं काढून घ्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, स्वतःला येत नसेल तर कुणाकडनं तरी लिहून घ्या, सीमाप्रश्न त्या खिडकीवर सोडवायला गेलात तर कागद मिळत नाही. १९५६ च्या आधीच्या आमच्या भागातल्या नोंदी मराठीत, आणि हात जुना असेल तर मोडीत. मोडीला घाबरू नका, फेरफारात तेच ते पंधरा-वीस शब्द असतात, वर्ग लावून थोडे दिवस घासलं की वाचता येतं. साल शके असेल तर ७८ मिळवा, फसली म्हणजे महसुली साल असेल तर ५९०, म्हणजे एखाद्या वर्षाच्या फरकानं इसवी सन येतो.

आता एक घोळ आधीच सांगून ठेवतो नाहीतर चुकीच्या दारात बसाल. आजचे तालुके बघून जुने कागद हुडकू नका. बैलहोंगल तेव्हा संपगाव तालुका, सौंदत्ती म्हणजे परसगड. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे खरं १९५६ पर्यंत ते बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणजे चंदगडच्या माणसानं स्वतःचं मूळ गाव बेळगाव असं लिहिलं असेल तर तो खोटं बोलत नव्हता. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानात, आणि आपलं बेळगावातलं शहापूर चक्क सांगली संस्थानात. ब्रिटिश जिल्ह्याच्या कागदात शहापूरचा माणूस सापडला नाही म्हणून तो नव्हताच असं होत नाही. १८८४ साली निघालेलं बेळगावचं गॅझेटिअर, मुंबई गॅझेटिअरचा एकविसावा खंड, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, त्यातली तालुक्यांची माहिती एकदा डोळ्याखालनं घाला.

दुसरा घोळ नावाचा. आपण आडनाव धरून हुडकतो आणि तिकडं आडनाव कुणी लिहिलेलंच नसतं. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. म्हणजे यल्लाप्पा परशराम असा माणूस इंग्रजीत कधी वायनं सुरू होतो, कधी ईनं, पी एक का दोन हे त्या कारकुनाच्या मर्जीवर, आणि परशरामचा कधी नुसता परसू. मी एका कागदावर दोन्ही नावांची जमतील तेवढी स्पेलिंगं लिहून काढली, अठरा झाली, आणि एकेक टाकून बघितली. कंटाळवाणं आहे, खरं याला शॉर्टकट नाही. आधी फक्त आडनावानं हुडकून मी एका भलत्याच माणसाच्या मागं सहा महिने होतो, तो कोकणातला निघाला. शाळेतनं बापाचं नाव आणलं म्हणून सुटलो.

आता आफ्रिकेकडची बाजू. तिथल्या सरकारचं गॅझेट १८९९ पासून निघायचं, आधी ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेटचं, १९२० ला केनिया कॉलनी झाल्यावर कॉलनीचं, आणि त्याचे अंक गूगल बुक्सवर पूर्ण पानांसकट बघायला मिळतात. यात हिंदुस्थानी लोकांची नावं ढिगानं येतात, आपल्या कामाच्या म्हणजे प्रोबेटच्या नोटिशी. अमुक माणूस मयत, इस्टेटीवर कुणाचा दावा असेल तर अमुक तारखेच्या आत सांगा. नोटिशीत मेल्याचं ठिकाण, तारीख आणि कोर्टाचा केस नंबर असतो, कधी धंदापण. दोन्ही नावं अवतरणचिन्हात घालून सर्च करा, त्याच्या शेजारी इंग्रजीत डिसीज्ड किंवा कारपेंटर असा शब्द द्या. स्कॅनमधली अक्षरं मशीन नेहमी नीट वाचत नाही म्हणून सर्चमध्ये नाही आलं तर वर्ष धरून पानं चाळायची तयारी ठेवा. आणि रक्कम कुठल्या नाण्यात आहे ते बघा, तिकडं १९२० पर्यंत रुपयाच चालायचा, शिलिंग नंतर आलं, त्यावरनं बिनतारखेचा कागदपण साधारण कधीचा ते कळतं.

आमची नोटीस १९२० च्या दशकातली. सुतार, नैरोबी. मेला तो आजारानं.

केस नंबर मिळाला की पुढं नैरोबीच्या केनिया नॅशनल अर्काइव्हजला लिहायचं. ईमेल लांबलचक नको, सिंहाची गोष्ट तर अजिबात नको, गॅझेटची तारीख, पान, केस नंबर आणि नावाची सगळी स्पेलिंगं. मी पहिल्यांदा दोन पानी भावनिक पत्र लिहिलं त्याला उत्तरच नाही, दुसऱ्यांदा चार ओळी लिहिल्या तर आलं.

वर्तमानपत्रांचं काय, तर त्यात आपल्या माणसाची मृत्युवार्ता हुडकू नका, सुताराची कोण छापणार. जाहीर नोटीस बघा, कोर्टाची समन्सं बघा, आणि फंडांच्या देणगीदारांच्या याद्या बघा, परदेशातल्या मराठी माणसाला आपलं नाव गावाकडच्या पेपरात यावं असं वाटायचंच. आपल्याकडं बेळगाव समाचार १८६३ पासून, तरुण भारत १९१९ पासून, पुण्याचा केसरी १८८१ पासून. तिकडं आफ्रिकेत स्टँडर्ड, जो १९०२ साली मोंबासात जीवनजी नावाच्या आपल्याच देशाच्या व्यापाऱ्यानं सुरू केला. जुने मराठी अंक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनीवर बघा, सरकारी फायली दिल्लीच्या अभिलेख पटलवर. बाकी वाचनालयात जाऊन धूळ खायची. एका वाचनालयात मला हवा तो गठ्ठा वाळवीनं खाल्लेला निघाला आणि काँग्रेस अधिवेशनाचा १९२४ चा डिसेंबर मात्र हाताळून हाताळून पापडासारखा, सगळ्यांना तेवढंच बघायचं असतं. सगळी वर्षं चाळू नका, फेरफार आणि प्रोबेट यांच्या तारखा हातात असल्या की त्यांच्या पुढचे-मागचे सहा महिने बघितले तरी पुरतं.

तुमचा माणूस आफ्रिकेला नाही, पलटणीतनं गेला असेल तर काम सोपं. पहिल्या महायुद्धात इराकातल्या कूटच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या युद्धात मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर फुकट आहे, बऱ्याच नावांपुढं बापाचं नाव, गाव, तालुकापण मिळतो. गावात या गावातनं इतके गेले, इतके मेले असा इंग्रजी दगड असेल तर तो आधी वाचा. मॉरिशसला मजूर म्हणून गेलेला असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडं नोंदी आहेत, तिथं प्रत्येक मजुराला नंबर दिलेला असायचा.

आणि एक राहिलं, हेळवी. सुगी झाल्यावर बैल घेऊन येणारा, आपली कुळी म्हणून दाखवणारा. आमचा हेळवी सात पिढ्या घडाघडा सांगतो, खरं त्या थोरल्या चुलत्यापाशी आला की नुसतं "परमुलखी गेला" म्हणून पुढच्या नावावर जायचा. फोनवर रेकॉर्ड करून घ्या, घरातनं पुसून गेलेली भावांची नावं त्याच्याकडं असतात, आमच्या नोंदीतल्या अंगठ्यावाल्या भावाचं खरं नाव मला त्याच्याकडनंच कळालं. यंदा आला तेव्हा मी त्याला नोटिशीची झेरॉक्स दाखवली, नैरोबी, सुतारकाम, आजार सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, आणि कुळीत नवीन ओळ घालायची म्हणून एक पायली भात जास्त मागितलं. दिलं.